पिशवी, गाठ आणि सही



मराठी साहित्य शिकवण्यात जिचे आयुष्य गेले, त्या बाईने स्त्रियांच्या शस्त्रक्रियांविषयी बोलावे हे काहींना चमत्कारिक वाटले असल्यास नवल नाही. परंतु ज्या मुख्याध्यापिका बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा विषय परका वाटू नये. अन्य शाळांत शरीरशास्त्राचे जे प्रकरण 'घरी वाचून या' म्हणून सोडून दिले जाई, ते बाई वर्गात, फळ्यावर आकृती काढून शिकवीत. त्यांच्या विद्यार्थिनी पुढे माझ्या महाविद्यालयात येत, तेव्हा 'गर्भाशय' हा शब्द त्यांना मान खाली न घालता उच्चारता येत असे. हे मी तेव्हाच मनात टिपून ठेवले होते.

दुसरे कारण भाषेचे आहे. निवृत्तीनंतर एका रुग्णालयाने आपल्या संमतिपत्राच्या मराठी मसुद्याची भाषा तपासून देण्याचे काम माझ्याकडे सोपवले. 'मला सर्व काही माझ्या भाषेत समजावून सांगण्यात आले आहे' हे वाक्य त्या मसुद्यात अगदी प्रारंभी होते. परंतु काय समजावून सांगितले ते लिहिण्यासाठी एकही रिकामी ओळ नव्हती. तेव्हापासून मी या विषयाकडे वळले. वाचले, डॉक्टरांना विचारले, नात्यातल्या आणि ओळखीच्या अनेकजणींबरोबर तपासणीच्या खोलीत बसले. मी वैद्य नव्हे. आज सांगणार आहे ते, आपल्या डॉक्टरांना काय विचारावे हे ठरवण्यास उपयोगी पडावे, एवढ्याचसाठी.

प्रथम शब्दांकडे पाहू. ओवीच्या अभ्यासासाठी मी गावोगाव हिंडले, तेव्हा बाळंतपणाचे, माहेरच्या वाटेचे, सासुरवासाचे बारीकसारीक तपशील बायका मोकळेपणाने सांगत. पण अंगावरच्या दुखण्याचा विषय निघाला की भाषा आडपडद्याची होई. कावळा शिवला, बाहेरची झाली, अंगावर जाते, अंग बाहेर येते. या लपवाछपवीमागे विटाळाची समजूत होती हे उघड आहे. आज कावळा गेला. पण त्याच्या जागी जे शब्द दवाखान्यातून घरी आले, ते काही अधिक नेमके नाहीत. त्यांपैकी तीन फार महत्त्वाचे आहेत : पिशवी, गाठ आणि जखम.

गर्भाशयाला आपण 'पिशवी' म्हणतो. शब्द सोपा आहे, पण त्यातून असा भास होतो की ही केवळ मूल ठेवण्याची वस्तू आहे आणि मुले झाली की रिकामी पिशवी जवळ बाळगण्यात अर्थ नाही. वास्तविक गर्भाशय हा सुमारे साडेसात सेंटीमीटर लांबीचा, जाड स्नायूंचा अवयव. पुढे मूत्राशय, मागे गुदाशय आणि यांच्यामध्ये तो बंधांनी तोलून धरलेला असतो. त्याच्या दोन्ही अंगांना बीजवाहिन्या आणि बीजांडकोश. पाळी गर्भाशयातून येते, पण तिचा हुकूम बीजांडकोशांकडून सुटतो. हाडे, हृदय, त्वचा, झोप यांवर परिणाम करणारी संप्रेरकेही तेथूनच येतात. म्हणून 'पिशवी काढली' एवढ्या दोन शब्दांत नेमके काय काढले आणि काय ठेवले हे कळत नाही. मी ज्या ज्या बाईला 'बीजांडकोश ठेवले की काढले?' असे विचारले, त्यांतल्या बहुतेकींना उत्तर देता आले नाही. त्यांत दोन पदवीधर शिक्षिकाही होत्या.

'गाठ' या शब्दाची अडचण वेगळी. गर्भाशयाच्या स्नायूत वाढणारी तंतूंची गाठ, बीजांडकोशावरची पाण्याची गाठ आणि कर्करोगाची गाठ, या तिघींना मराठीत एकच शब्द. त्यामुळे सोनोग्राफीच्या खोलीत तो उच्चारला गेला की ऐकणारीच्या मनात तिसराच अर्थ उभा राहतो. तंतूंच्या गाठी, ज्यांना डॉक्टर फायब्रॉइड म्हणतात, त्या अतिशय सर्रास आढळतात. पुष्कळजणींना आपल्याला त्या आहेत याचा पत्ताही नसतो. त्यांचे कर्करोगात रूपांतर होणे अत्यंत विरळा. त्रास देत नसेल त्या गाठीला सहसा हात लावावा लागत नाही आणि पाळी कायमची थांबली की त्या बहुधा आपोआप आकसतात. त्रास होतो तो गाठीच्या जागेमुळे. गर्भाशयाच्या आतल्या पोकळीत डोकावणारी छोटी गाठ पुष्कळ रक्तस्राव करते, तर बाहेरच्या अंगाला असलेली तिच्याहून मोठी गाठ गुपचूप बसून राहते. तेव्हा 'गाठ केवढी?' या प्रश्नाइतकाच 'गाठ कोठे?' हा प्रश्न महत्त्वाचा.

बीजांडकोशावरच्या पाण्याच्या गाठींपैकी अनेक तर पाळीच्या चक्रातच तयार होतात आणि विरून जातात. पाळी चालू असलेल्या बाईची साधी, पाच सेंटीमीटरहून लहान गाठ असेल, तर दोन-तीन पाळ्यांनंतर पुन्हा सोनोग्राफी करून पाहणे हाच बहुधा योग्य उपाय असतो. मात्र अशी गाठ आपल्याभोवती पिळली गेली तर एकाएकी असह्य पोटदुखी आणि उलट्या सुरू होतात. तेव्हा सकाळपर्यंत वाट पाहू नये. त्याच रात्री रुग्णालय गाठावे.

तिसरा शब्द 'जखम'. याने जितके नुकसान केले तितके क्वचितच दुसऱ्या शब्दाने केले असेल. गर्भाशयाच्या मुखाच्या आतले मऊ अस्तर काही बायकांत थोडे बाहेर पसरते आणि तपासताना तो भाग लालसर दिसतो. तरुण वयात, गरोदरपणात, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांत हे नेहमीचे आहे. इंग्रजीत त्याला पूर्वी झीज या अर्थाचा शब्द वापरीत. मराठीत त्याची 'पिशवीच्या तोंडाला जखम' झाली. जखम म्हटली की ती चिघळणार आणि चिघळली की कर्करोग होणार, हे तर्कशास्त्र आपोआप पुढे येते. वस्तुतः हा आजार नव्हे आणि कर्करोगाची पूर्वावस्थाही नव्हे.

माझ्या धाकट्या जावेची कथा या एका शब्दाची कथा आहे. सदतीस वर्षांची असताना अंगावर पांढरे जाते म्हणून ती एका शहरातल्या खासगी दवाखान्यात गेली. 'तोंडाला जखम आहे, आज ना उद्या कॅन्सर होईल, दोन मुले झाली आहेत, आता पिशवी ठेवून काय करायची?' असे तिला सांगण्यात आले. चौथ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. गर्भाशयमुखाची पेशीतपासणी आधी झालीच नव्हती. गर्भाशयाबरोबर दोन्ही बीजांडकोशही काढले होते, हे आम्हांला कळले ते दुसऱ्या महिन्यात, तिचे अंग भट्टीसारखे तापू लागले तेव्हा. काढलेल्या अवयवाच्या तपासणीचा अहवाल पुढे मी स्वतः वाचला. त्यात जुनाट सूज यापलीकडे काही नव्हते. पन्नाशीला पोचण्यापूर्वीच, अंगणात साधे घसरण्याचे निमित्त होऊन तिचे मनगट मोडले; हाडे ठिसूळ झाली होती.

त्या तक्रारीचे काय करावयास हवे होते? पांढरे जाणे हे बहुधा जंतुसंसर्गाचे किंवा कित्येकदा निव्वळ स्वाभाविक असते. औषधांचा छोटा क्रम पुरतो. आणि कर्करोगाची शंकाच फेडायची तर त्यासाठी पॅप तपासणी आहे, एचपीव्ही विषाणूची तपासणी आहे. दोन्ही काही मिनिटांत, भूल न देता होतात. गर्भाशयमुखाचा कर्करोग ही आपल्या देशातली मोठी व्याधी आहे, यात शंका नाही. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १,२७,००० नव्या बायकांना तो होतो. परंतु त्यावरचा उपाय सरसकट पिशव्या काढणे हा नसून वेळेवर तपासणी हा आहे. याचा एक भक्कम पुरावा आपल्या शेजारच्या महाराष्ट्रानेच जगाला दिला. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १,३१,००० ग्रामीण बायकांचा अभ्यास बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाने आणि मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राने आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सहकार्याने केला. २००९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीमुळे या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. ज्वारीच्या शेतात राबणाऱ्या त्या बायकांनी सिद्ध केलेली ही गोष्ट शहरातल्या सुशिक्षित बायकांपर्यंत अद्याप नीट पोचलेली नाही, ही खेदाची बाब आहे.

आता शस्त्रक्रियांकडे वळते. सर्वांत परिचित ती 'क्युरेटिंग', बायकांच्या भाषेत पिशवी धुणे. तोंड रुंद करून आतले अस्तर खरवडून काढतात आणि ते तपासणीला पाठवतात. पूर्वी रक्तस्रावाच्या प्रत्येक तक्रारीवर हाच पहिला उपाय असे. आज अस्तराचा नमुना बारीक नळीने, बाह्यरुग्ण विभागातही घेता येतो. आणि आत डोळ्यांनी पाहायचे असेल तर गर्भाशयातूनच जाणारी दुर्बीण आहे. तिने छोटा कोंब किंवा आतली गाठ दिसली तर त्याच वेळी काढता येते. तेव्हा 'नुसते खरवडण्याऐवजी आत पाहून करता येईल का?' असे विचारण्यास हरकत नाही. गर्भपाताच्या किंवा अपुऱ्या गर्भपाताच्या प्रसंगी मात्र गर्भाशय रिकामे करण्याचा प्रश्न वेगळा असतो. तोही आता बहुधा गोळ्यांनी वा शोषून घेणाऱ्या नळीने सुटतो.

अतिरक्तस्रावाच्या बाबतीत चाकूच्या आधी औषधांची एक संपूर्ण पायरी आहे, हे पुष्कळजणींना कोणी सांगतच नाही. पाळीच्या दिवसांत घ्यायच्या रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, संप्रेरकांच्या गोळ्या आहेत; आणि संप्रेरक झिरपवणारी तांबीसारखी एक वस्तू गर्भाशयात बसवता येते, तिचे 'मिरेना' हे व्यापारी नाव अनेकींनी ऐकले असेल. ती पाच वर्षे पुरते आणि अनेकजणींचा रक्तस्राव तिने इतका उणावतो की शस्त्रक्रियेचा विषयच मागे पडतो. त्याबरोबर रक्तातले लोह भरून काढणे अगत्याचे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आढळल्या. अशा अंगाने शस्त्रक्रियेला सामोरे जाणे म्हणजे धोका वाढवणे होय. तातडी नसेल तर आधी हिमोग्लोबिन वाढवून घ्यावे.

तंतूंच्या गाठीच त्रास देत असतील आणि बाईला मूल हवे असेल किंवा गर्भाशय ठेवायचे असेल, तर नुसत्या गाठी काढता येतात. पुन्हा गाठी होण्याची शक्यता उरते, हे समजून घ्यावे. दुर्बिणीतून गाठ काढताना ती तुकडे करून बाहेर आणावी लागते. आणि क्वचित एखादीत लपलेला कर्करोग असेल तर तो पोटात पसरू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ साली दिला. म्हणून तुकडे पिशवीत बंद करून करणार का, हा प्रश्न येथे शोभतो. (ही पिशवी प्लॅस्टिकची, हे सांगणे न लगे.)

'अंग बाहेर येणे' या दुखण्याविषयी थोडे सविस्तर बोलते, कारण त्यात आपल्या मातीचा अभिमान वाटावा असा एक अध्याय आहे. वारंवारची आणि कष्टाची बाळंतपणे, बाळंतपणानंतर लगेच उचललेल्या घागरी, जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, वाढते वय यांमुळे गर्भाशयाला तोलून धरणारे बंध सैलावतात. प्रारंभीच्या अवस्थेत ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम उपयोगी पडतात. ज्यांना शस्त्रक्रिया झेपणार नाही त्यांच्यासाठी आत बसवायचे कडे आहे. पुढची अवस्था असेल आणि वयही उतरले असेल तर खालूनच गर्भाशय काढून भिंती दुरुस्त करतात. परंतु तरुण बाईचे काय? तिच्यासाठी गर्भाशय न काढता ते पट्टीने वर बांधून घेण्याच्या शस्त्रक्रिया मुंबईच्या दोन वैद्यपरंपरांनी घडवल्या : एक पुरंदरे यांच्या नावाने ओळखली जाते आणि दुसरी शिरोडकरांच्या. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर (१८९९-१९७१) हे आपल्या गोव्याच्या शिरोड्याचे. त्यांचे नाव जगभर झाले ते मात्र एका टाक्याने. चौथ्या-पाचव्या महिन्यात गर्भाशयाचे तोंड आपोआप उघडून ज्यांचे गर्भ वारंवार पडत, अशा बायकांच्या गर्भाशयमुखाला त्यांनी मांडीतल्या पटलाची पट्टी घेऊन वेढा दिला. १९५५ साली त्यांनी ही रीत मांडली. 'शिरोडकर टाका' हे शब्द आजही जगभरच्या प्रसूतिगृहांत उच्चारले जातात. अवयव काढून टाकण्यापेक्षा तो राखण्यात ज्यांची प्रतिभा खर्ची पडली, अशा शल्यविशारदाच्या गावाजवळ आपण राहतो, एवढे ध्यानात असावे.

गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया ज्या प्रसंगी खरोखर हवी असते, त्या प्रसंगी ती बाईला नवे आयुष्य देते, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. कर्करोग; औषधांना न जुमानणारा रक्तस्राव; फार मोठ्या वा अनेक गाठी; संपूर्ण बाहेर आलेले अंग; अन्य उपाय थकलेली तीव्र वेदना. ती तीन वाटांनी होते : पोटावर छेद घेऊन, खालून योनिमार्गे किंवा दुर्बिणीतून. शक्य असेल तेथे योनिमार्ग हा सर्वांत सुरक्षित आणि कमी खर्चाचा, असे तज्ज्ञांचे मत आहे. बाहेर टाका दिसत नाही आणि बाई लवकर हिंडूफिरू लागते. दुर्बिणीने अशी पहिली शस्त्रक्रिया अमेरिकेत १९८८ साली झाली आणि आता तिचा बोलबाला आहे. परंतु नवे यंत्र आहे म्हणून ते आपल्याच पोटावर चालले पाहिजे असे नाही. पोटावरच्या छेदानंतर पूर्ववत कामाला लागण्यास सहा ते आठ आठवडे लागतात, इतर दोन मार्गांत त्याहून कमी. धोके तिन्हींत आहेत : रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पायात रक्ताची गुठळी आणि शेजारच्या मूत्राशयाला किंवा मूत्रनलिकेला इजा.

बीजांडकोशांविषयीची समजूत गेल्या काही वर्षांत पुष्कळ बदलली. 'पोट उघडलेच आहे तर तेही काढून टाकू, पुढची काळजी मिटेल' असे पूर्वी सहज म्हणत. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७च्या सुमारास थांबते. त्याच्या बऱ्याच आधी बीजांडकोश गेले तर हाडांना आणि हृदयाला त्याची किंमत मोजावी लागते, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने संप्रेरके बाहेरून घ्यावी लागतात. नवा विचार असा की बीजांडकोशाच्या कर्करोगाच्या एका मोठ्या प्रकाराचे मूळ बीजवाहिन्यांत असते. म्हणून निरोगी बीजांडकोश ठेवून केवळ वाहिन्या काढाव्यात. घराण्यात या रोगाचा इतिहास असेल तर हिशेब बदलतो. तो आपणहून सांगावा; मावशीला काय झाले होते हे डॉक्टरांना स्वप्नात कळत नाही.

गरज नसता ही शस्त्रक्रिया किती होते? २०१९-२१च्या पाहणीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ३.३ टक्के स्त्रियांचे गर्भाशय काढलेले होते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची जी पाहणी २०१९ साली महाराष्ट्र शासनाच्या समितीपुढे आली, तीत ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे शंभरात सोळा-सतरा. तेथे नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात आणि एक दिवस खाडा झाला की मुकादम दंड कापतो. पाळीच्या दिवसांत बाईला विसावा देणे कोणालाच परवडत नव्हते. पाळीच बंद करणे मात्र परवडले, तेही उचल घेऊन. या प्रकारच्या शस्त्रक्रियांविरुद्ध डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी निकाल दिला आणि केंद्राची २०२२ची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत अमलात आणण्यास सर्व राज्यांना सांगितले.

याची दुसरी बाजू सांगितली नाही तर अन्याय होईल. माझी एक जिवलग मैत्रीण एकसष्टाव्या वर्षी, पाळी थांबून अकरा वर्षे झाल्यावर, पुन्हा थोडे थोडे रक्त जाऊ लागले तेव्हा 'उष्णता झाली असेल' म्हणून आठ महिने गप्प राहिली. सुनेला सांगणे तिला लाजिरवाणे वाटले. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग तोपर्यंत बाहेर पसरला होता. आज ती नाही. पाळी थांबून वर्ष उलटल्यानंतर एक थेंब जरी रक्त दिसले तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे. अशा शंभरजणींपैकी नव्वदएकींना कर्करोग नसतो. पण उरलेल्या दहाजणींपैकी बहुतेकी वेळेवर आल्या तर शस्त्रक्रियेने बऱ्या होतात. जावेची पिशवी उगाच गेली आणि मैत्रिणीची वेळेवर गेली नाही. दोघींच्याही बाबतीत खरी तपासणी आधी झाली नाही, एवढेच साम्य.

आता खासगी तज्ज्ञांकडे जाण्याविषयी. आपल्याकडे बांबोळीचे गोमेकॉ आहे, म्हापशाला आणि मडगावला जिल्हा रुग्णालये आहेत, २०१६ पासून दीनदयाळ योजनेचे कार्डही आले. तरीही अनेकजणी खासगी 'दोतोरा'कडे जातात, आणि त्यांची कारणे खोटी नाहीत. प्रत्येक खेपेस तेच डॉक्टर भेटतात, रांग लहान असते, पडद्याआड तपासणी होते, बाई-डॉक्टर निवडता येते. मात्र जो निदान करतो त्याचेच उत्पन्न शस्त्रक्रियेवर अवलंबून असते, ही त्या व्यवस्थेची रचनाच आहे. डॉक्टर सज्जन असला तरी रचना बदलत नाही. म्हणून तातडीचा प्रसंग नसेल तर दुसरे मत घ्यावे, आणि ते शक्यतो अशा डॉक्टरांचे घ्यावे की ज्यांना ही शस्त्रक्रिया करायची नाही. गोमेकॉचा बाह्यरुग्ण विभाग या कामी फार उपयोगी आहे. दुसरे मत घेणे हा अपमान नव्हे. २०१८ साली राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने मांडलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत तो हक्क म्हणून नोंदवलेला आहे.

जाताना विशेषणे घरी ठेवावीत. आयुष्यभर विशेषणांवर उपजीविका केलेली मी हे सांगते आहे. 'खूप जाते', 'फार दुखते' यावरून डॉक्टरांना काही कळत नाही. शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली, किती दिवस टिकली, दिवसाला किती पॅड लागतात, रात्री उठून बदलावे लागते का, रुपयाच्या नाण्याएवढ्या गुठळ्या पडतात का, हे तीन महिने वहीत लिहून न्यावे. चालू असलेल्या सर्व औषधांची चिठ्ठी न्यावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा उल्लेख विसरू नये. बरोबर कोणी तरी असावे, पण उत्तरे बाईने द्यावीत. मी कितीतरी वेळा पाहिले आहे की प्रश्न बाईला विचारला जातो आणि उत्तर नवरा किंवा सासू देते. पाच मिनिटे एकटीने बोलायचे आहे असे सांगण्याची मुभा प्रत्येकीला आहे. आणि पुरुष डॉक्टर तपासत असतील तर परिचारिका हजर असावी, असे म्हणण्याचीही.

शस्त्रक्रिया सुचवली गेली की पहिली मागणी ही, की आजाराचे नाव कागदावर लिहून द्यावे. 'पिशवी जड झाली आहे' हे निदान नव्हे; ते सोनोग्राफीच्या अहवालातल्या एका इंग्रजी विशेषणाचे भाषांतर आहे. काहीच न करता सहा महिने थांबले तर काय होईल, हा प्रश्न विचारल्यावर तातडी खरी आहे की नाही ते बहुधा उत्तराच्या सुरावरून उमगते. काय काढणार, काय ठेवणार, कोणत्या वाटेने आणि तीच वाट का, शस्त्रक्रिया स्वतः करणार की बाहेरून कोणी येणार, भूल कोण देणार, रक्त लागल्यास कोठून आणणार, अतिदक्षतेची सोय तेथे आहे की रुग्णवाहिकेने हलवावे लागेल, या साऱ्यांची उत्तरे चांगला डॉक्टर न चिडता देतो. खर्चाचा अंदाज लेखी मागावा. त्यात भूल, शस्त्रक्रियागृह, औषधे, खोली आणि काढलेल्या भागाची तपासणी ही सारी खाती असावीत. विमा असेल तर पॉलिसी नीट वाचावी, कारण पुष्कळ पॉलिसींत गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेला पहिली दोन वर्षे संरक्षण नसते.

शेवटी सही. २००८ सालच्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली यांच्या खटल्यात दिलेला निर्णय प्रत्येकीला ठाऊक असावा. चव्वेचाळीस वर्षांच्या या अविवाहित बाई १९९५ साली पाळीतला रक्तस्राव लांबल्याची तक्रार घेऊन गेल्या. दुर्बिणीने केवळ तपासणी करण्यासाठी त्यांना भूल दिली गेली. त्या बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या त्यांच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजांडकोश काढण्यात आले. न्यायालयाने म्हटले, तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे. जिवावरचे संकट नसताना सज्ञान रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबले पाहिजे. आईची सही तिच्या सहीच्या जागी चालणार नाही. भरपाई अवघी २५,००० रुपयांची झाली आणि शस्त्रक्रियेचे शुल्कही नाकारले गेले. पण तत्त्व कायम झाले. त्याच न्यायाने नवऱ्याच्या सहीचाही विचार करावा. सज्ञान बाईच्या शस्त्रक्रियेला कायद्याने लागते ती तिची स्वतःची संमती. नवऱ्याची सही ही रुग्णालयांची वहिवाट आहे. ती घेतली म्हणून बिघडत नाही, परंतु तिची सही नसताना त्याची पुरत नाही. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेलाही हेच लागू. (त्या बाबतीत भार कोणी वाहिला हे आकडेच सांगतात : २०१९-२१च्या पाहणीत स्त्रीनसबंदी ३७.९ टक्के, पुरुषनसबंदी ०.३ टक्के.)

ज्या संमतिपत्राचा मी प्रारंभी उल्लेख केला, त्यात रुग्णालयाने माझी एक सूचना मान्य केली. 'मला समजावून सांगण्यात आले' या वाक्याखाली आता चार कोऱ्या ओळी आहेत आणि त्या बाईने स्वतःच्या हाताने भरायच्या आहेत : काय होणार, काय काढणार, काय ठेवणार, अन्य कोणता उपाय सांगितला. लिहिता येत नसेल तर तिने बोलावे आणि तिच्या माणसाने लिहून घ्यावे. या ओळींमुळे वेळ जातो अशी तक्रार काही काळ होती.

घरी परतताना शस्त्रक्रियेचा तपशील असलेला कागद आणि काढलेल्या भागाच्या तपासणीचा अहवाल मागून घ्यावा. अहवाल येण्यास काही दिवस लागतात; त्यासाठी पुन्हा जावे लागले तरी जावे. कागदपत्रे लेखी मागितल्यास बहात्तर तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे, असा वैद्यक परिषदेचा २००२ सालचा नियम आहे. बीजांडकोश आहेत की नाहीत, गर्भाशयाचे मुख ठेवले आहे की नाही, हे त्याच कागदावर असते; आणि मुख ठेवले असेल तर पॅप तपासणी पुढेही चालू ठेवावी लागते. जाऊबाईंचे कागद आता शिधापत्रिकेच्या आणि घरपट्टीच्या पावत्यांबरोबर एकाच फायलीत आहेत, आणि ती फाईल कोठे ठेवली आहे हे त्यांच्या दोन्ही सुनांना ठाऊक आहे.